बंडगर सर आणि न दिसणारं विमान

विमान आलं ते उसाच्या ट्रेलरवर. फायबरचं होतं, काळपट राखाडी, कोनाकोनांचं, आणि पंखांसकट इतकं रुंद की विजापूर रोडवरच्या रिक्षा त्याच्यामागे गुमान रांग लावून आल्या. रणधीर करिअर अकॅडमीच्या फाटकातून आत घेताना पंखाचं टोक खांबाला घासलं आणि मालक मानसिंगराव असे काही ओरडले की ट्रॅक्टरवाल्याने इंजिनच बंद केलं. दुपारपर्यंत विमान चौथऱ्यावर चढलं आणि खाली पाटी लागली: ‘अदृश्य, अजिंक्य’. सैन्यभरतीच्या नव्या तुकडीचं नावही मानसिंगरावांनी ठरवून टाकलं होतं, स्टेल्थ बॅच.

कुमार बंडगर सर वर्ग संपवून बाहेर आले. त्यांनी विमानाभोवती एक चक्कर मारली, चष्मा वर करून पाटी वाचली आणि हसायला लागले. माणसाने हसावं, पण मालकाच्या तोंडावर, पोरांच्या देखत, पोट धरून?

“मानसिंगराव, अदृश्य म्हणता आणि इथून आसऱ्याच्या चौकापर्यंत दिसतंय की हे!”

पोरं फिदीफिदी हसली. मानसिंगरावांचा चेहरा पडला. “डोळ्यांना नव्हे हो सर, रडारला दिसत नाही.”

“कुठल्या रडारला? कुठं ठेवलेल्या? आणि किती वर्षं दिसणार नाही?”

झालं. बंडगर सरांना या विषयावर कुणी डिवचू नये, हे अकॅडमीतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. सरांची सगळी नोकरी हवाई दलात रडारच्या पडद्यापुढे गेली होती. कच्छच्या खारट वाऱ्यात, पंजाबच्या धुक्यात, आसामच्या चिखलात, जिथे सरकार पाठवील तिथे हा माणूस डोळ्यांत तेल घालून ठिपके बघत बसला. लोक देवाला रात्रंदिवस आठवत नसतील इतकं यांनी आभाळ आठवलं. वॉरंट ऑफिसर होऊन ते निवृत्त झाले, जुळे सोलापुरात घर बांधलं आणि पहिल्याच वर्षी वेड लागायची पाळी आली. आभाळ तेच, पण त्यात काय चाललंय हे आता यांना कुणी विचारेना. बायको म्हणायची, गच्चीवर उभे राहून काय घारी मोजता? मग मानसिंगरावांनी बोलावलं, हातात खडू दिला, आणि बंडगर पुन्हा माणसांत आले. ‘सर’ ही हाक त्यांना पगारापेक्षा प्यारी होती. ती गेली तर पुन्हा गच्ची आणि घारी, हे त्यांनाही कळत होतं आणि मानसिंगरावांनाही.

विमानाच्या उद्घाटनाला रविवारी कार्यक्रम होता. पालक येणार होते, आणि वक्ते म्हणून बंडगर सरांचं नाव छापून झालं होतं. मानसिंगरावांनी त्यांना ऑफिसात बसवलं, चहा मागवला.

“सर, रविवारी जरा पोरांचं रक्त सळसळेल असं बोला. आपल्या देशाचंसुद्धा स्टेल्थ विमान तयार होतंय. पुढची शंभर वर्षं या विमानाचीच, असं काहीतरी.”

“मी उलटं बोलणार आहे,” सर म्हणाले. “या विमानाचे दिवस भरत आलेत, असं.”

“तुम्ही वर्दीतला माणूस! तुम्हीच असं बोललात तर पोरांनी कुणाकडं बघायचं?”

“खरं बोलणाऱ्याकडं.”

मानसिंगरावांनी कप खाली ठेवला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. गरिबांच्या पोरांना ते खरोखर जीव लावत. पण पोरांना स्वप्न दाखवलं की ती धावतात आणि शंका दाखवली की बसतात, असा त्यांचा पक्का समज होता. “बघा सर,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही तसंच बोललात, तर पुढं तुमच्या तासांचं काय करायचं, ते मला ठरवावं लागेल.”

सर उठले. धमकी ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि ऐकून गप्प बसायची तर मुळीच नव्हती. “ठरवा की,” ते म्हणाले आणि चहा तसाच टाकून गेले.

आता सरांचं म्हणणं तरी काय होतं? ते प्रत्येक तुकडीला एक खेळ करून दाखवत. वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, एका पोराच्या हातात बॅटरी द्यायची, दुसऱ्याच्या हातात स्टीलची ताटली. ताटली सरळ धरली की उजेड बॅटरीवाल्याच्या डोळ्यांत परत येतो. तिरकी धरली की येत नाही, त्याला समोर नुसता काळोख. “हे स्टेल्थ,” सर म्हणत. “विमानाचं अंगच असं तिरकं घडवायचं की रडारची लहर परत न येता भलतीकडं जावी. थोडी उरलीसुरली वरच्या लेपात जिरवायची. पण भलतीकडं म्हणजे कुठं?” तेवढ्यात कोपऱ्यातला एखादा पोरगा ओरडायचा, सर, माझ्या डोळ्यांवर आला! सरांना अस्सा आनंद व्हायचा. “बघा! बॅटरीवाला आंधळा, पण कोपऱ्यातल्याला दिसलं. उद्या असे कोपरे सगळीकडं असतील. लहर एक जण सोडेल, ऐकायला दहा जण बसतील. शिवाय लांब लहरींची जुनी रडारं आहेत, त्यांना हे विमान धूसर का होईना, जाणवतं. इंजिनाची धग आहे, ती कुठं लपवाल? आणि हे सगळं क्षणात जोडून दाखवणारं यंत्र आलं की संपला खेळ.”

मग ते बापाची गोष्ट सांगत. सरांचे वडील मायाप्पा हे सांगोल्याकडच्या माळावरचे मेंढपाळ. लांडगा नेहमी वाऱ्याकडे तोंड करून येतो, म्हणजे त्याचा वास कुत्र्यांकडे जात नाही. दुसरे मेंढपाळ कुत्री कळपाजवळ बांधत आणि कुत्री बिचारी वास घेत बसत. मायाप्पा कुत्री लांब नेऊन, वारा जिकडे जातो तिकडे बसवत. लांडगा दबकत यायचा तो थेट कुत्र्यांच्या पुढ्यात. “माझ्या बापाच्या कळपात लांडग्याचं काही चाललं नाही,” सर छाती काढून सांगत. “लपणारा एका जागेपासून लपतो. तुम्ही जागा बदला!” हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी चढायचा. बापावर त्यांचं निस्सीम प्रेम होतं, आणि मायाप्पा जाऊन बरीच वर्षं झाली तरी ते कमी झालं नव्हतं.

रविवारच्या भाषणाचा शेवट याच गोष्टीने करायचा, असं सरांनी ठरवलं. कुत्री बसवलेल्या जागेचा एखादा फोटो पडद्यावर दाखवावा म्हणून ते शुक्रवारी मोटारसायकल काढून माळावर गेले. मेंढरं आता धाकटा भाऊ राखतो. आई, गोजाबाई, अजूनही कळपाबरोबरच राहते. शहरातल्या घरी चार दिवस राहिली की तिला म्हणे भिंती टोचतात.

ती बाभळीच्या सावलीत एका लंगड्या कोकराला मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी फोटो काढले, मग तिच्याजवळ बसकण मारली आणि भाषण आईला ऐकवायला घेतलं. विमानाचं तिला फारसं कळलं नाही, पण मायाप्पांचं नाव आलं तशी तिने मान वर केली.

“लांडग्याचं काय चाललं न्हाय म्हनतोस?”

“व्हय की, आये. बापूंच्या कळपात लांडगा आला की हुसकावलाच. मी स्वतः किती वेळा धावलोय काठी घेऊन.”

“धावलास की. समदेच धावायचे. आरडत, बोंबलत.” गोजाबाईने कोकराचा पाय चोळला. “आन् कोकरं कुटं जायची रं मग?”

“कुठली कोकरं?”

“म्हंजे घ्या! बापयांनी भायेर कुत्र्यांपाशी निजायचं आन् बायकांनी आत कोकरांपाशी, ही आपली रीत. तुमी लांडगा मोजायचा, आमी कोकरं मोजायची. लांडगं दोन असायचं, बाबा. एक मुद्दाम तिकडं तोंड दाखवायचा. समदी कुत्री त्येच्या मागं, समदे बापय कुत्र्यांच्या मागं. आन् दुसरा हिकडनं गप येऊन कोकरू उचलायचा. तुमी हुसकावलं हुसकावलं म्हनत, हसत माघारी यायचा. आन् हितं मेंढी वरडत असायची.”

सरांनी भाषणाचा कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “दर वेळी?”

“दर येळी न्हाय. पर लई येळा.”

“मग बापूंना सांगितलं का नाही?”

आता म्हातारी भडकली. “न्हाय सांगितलं? जीभ झिजली माजी! तर म्हनायचे, तुजी गणती चुकली. म्हनायचे, कोल्ह्यानं नेलं आसंल. लांडगा त्येनी डोळ्यानं पळताना बघितला हुता, मग कोकरू लांडग्यानं नेलं कसं म्हनतील? तू बी त्येंच्याच बाजूचा. तू कवा मला इचारलंस का?”

नव्हतं विचारलं. सरांनी आयुष्यात शेकडो पोरांना ती गोष्ट सांगितली होती आणि एकदाही आईला विचारलं नव्हतं. कळपात ती काय करायची असं कुणी विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, भाकरी करायची, कोकरं सांभाळायची. त्यांना बापाचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नेहमीसारखा वाद घालायची खुमखुमी आली.

“म्हणजे कुत्री कुचकामीच होती म्हणतेस?”

“तर! काय उपेग?”

“हे काही मला पटत नाही, आये. कुत्री नसती तर लांडग्याला दोघं मिळून यायची गरजच काय होती? एकटाच येऊन कळप फाडला असता. बापूंनी कुत्री हलवली म्हणून त्याला जोडीदार आणावा लागला.”

गोजाबाईने कोकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं. “त्ये बी खरं आसंल,” ती म्हणाली. “पर कोकरू गेलं त्ये गेलंच की.”

परतीच्या वाटेवर सरांच्या डोक्यात सगळं भाषण उलटंपालटं झालं. मोहोळाला धक्का लागल्यासारखं झालं होतं डोकं. ते म्हणत होते की लपणारं विमान संपलं. पण लांडगा कुठं संपला? त्याने चाल बदलली. उद्या हे महागडं विमानसुद्धा मागे थांबेल, पुढे बिनमाणसांची स्वस्तातली विमानं पाठवील, शत्रूची सगळी कुत्री तिकडे पळतील आणि हे भलत्याच बाजूने आपलं काम करून जाईल. म्हणजे मानसिंगराव चुकले होते आणि बंडगरही चुकले होते. सांगोला मागे पडलं तेव्हा सरांना स्वच्छ कळलं, की आता आपण जे बोलणार ते मालकालाही आवडणार नाही, आपल्यालाही नाही, आणि वर बापाचं नाव खाली येणार. गाडी बाजूला घेऊन ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एक मन म्हणालं, कुमार, बापाला कशाला मध्ये ओढतोस, जुनीच गोष्ट सांग आणि मोकळा हो. ते मन त्यांनी तिथेच सोडलं आणि किक मारली.

रविवारी मांडव भरला होता. सरांनी ताटलीचा खेळ केला, टाळ्या पडल्या. कुत्र्यांची गोष्ट सांगितली, त्याहून जास्त टाळ्या पडल्या. मानसिंगराव पहिल्या रांगेत कपाळाला आठ्या घालून बसले होते. मग सर थांबले, पाणी प्यायले.

“ही गोष्ट मी आजवर जशी सांगत आलो, तशी ती अर्धीच आहे,” ते म्हणाले. “उरलेली अर्धी परवा माझ्या आईने सांगितली.”

आणि त्यांनी ती जशीच्या तशी सांगितली. बायका आत असायच्या ते, दोन लांडग्यांचं, मेंढी ओरडायची ते, आणि बापाने ऐकलं नाही तेसुद्धा. मांडवात मागच्या बाजूला बसलेल्या आया एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना ही गोष्ट फार लवकर कळली होती.

“तेव्हा ऐका,” सर म्हणाले. “लपणं संपणार नाही. आम्ही लपलो म्हणजे वाचलो, ही मिजास संपणार आहे. स्टेल्थ विमान उद्याही उडेल, पण एकट्याच्या जोरावर राजा म्हणून नाही. बघणारे वाढतील, तसा लपणारा नव्या चाली शोधेल, आणि मग बघणाऱ्याला पुन्हा हलावं लागेल. यात कायमचं कुणीच जिंकत नाही. तुमच्यातलं एखादं लेकरू नशिबाने त्या विमानाच्या खुर्चीत बसलं, तर माझी हात जोडून विनंती आहे, बाहेरची ती पाटी खरी मानून बसू नका. मला कुणी बघत नाही असं ज्याला वाटतं, तो मागं वळून बघत नाही. तो पोरगा घरी येत नाही.”

टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा आणि विस्कळीत पडल्या. मानसिंगरावांनी आभार मानले आणि सरांचं नाव घ्यायला विसरले.

मंगळवारपर्यंत कुणीतरी मोबाईलवर घेतलेला भाषणाचा तुकडा शहरभर फिरला. तुकडाच तो, त्यामुळे त्यात फक्त ‘राजा म्हणून नाही’ एवढंच होतं, आणि वर कुणीतरी लिहिलं होतं, माजी हवाई सैनिक म्हणतात देशाचं नवं विमान भंगार. दोन पालकांनी अकॅडमीत येऊन हुज्जत घातली. एकाने तर सरांना देशद्रोही म्हटलं. ज्याने उमेदीची सगळी वर्षं देशाच्या आभाळाकडे बघत काढली, त्याला हे ऐकवायला त्या गृहस्थाला लाज वाटली नाही.

मानसिंगरावांनी तोडगा काढला. विमानाखाली खुर्ची मांडली. गणित शिकवणाऱ्या शबाना मॅडमना मोबाईल घेऊन समोर उभं केलं.

“सर, मला तुम्हाला घालवायचं नाही. मनापासून सांगतो. दोनच वाक्यं बोला. रविवारी माझी चूक झाली, आणि स्टेल्थ विमान अजिंक्य आहे. तुमचे तास चालू, माझी डोकेदुखी बंद.”

“माझी चूक झाली असं म्हणायचंय?”

“एवढंच.”

“बोलतो की,” सर म्हणाले आणि खुर्चीवर ताठ बसले. शर्टाचं वरचं बटण लावलं. वर्गातली पोरं खिडक्यांना लोंबकळून बघत होती. शबाना मॅडमनी मोबाईल धरला खरा, पण बटण दाबलं नाही. “सर, नको असेल तर सांगा,” त्या पुटपुटल्या.

“घ्या, मॅडम. चांगलं स्पष्ट घ्या.”

“मी वॉरंट ऑफिसर कुमार मायाप्पा बंडगर, निवृत्त,” सरांनी सुरुवात केली. “रविवारच्या भाषणात माझी एक चूक झाली. ती आज सुधारतो.”

मानसिंगरावांनी समाधानाने मान डोलावली.

“मी म्हणालो, हे विमान उद्या दिसायला लागेल. उद्या कशाला? आजही कुणाला दिसत असेल. आपल्याला ते कळणार नाही. ज्याला दिसतं, तो पाटी लावून सांगत नाही. तो गप्प बसतो आणि वाट बघतो. म्हणून सांगतो, पोराला अजिंक्य म्हणून त्या खुर्चीत बसवणारा माणूस त्या पोराचा वैरी आहे, मग तो शत्रू असो, सरकार असो, नाहीतर मास्तर असो. मला देशद्रोही म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. मी हे वर्दीत असतो तरी बोललो असतो. जय हिंद.”

“बंद करा ते!” मानसिंगराव ओरडले. शबाना मॅडमनी मोबाईल खाली घेतला, पण पुसून टाकते असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

“सर, हे तुम्ही मुद्दाम केलंत.”

“मुद्दामच केलं.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

“उद्याचं उद्या बघू,” सर खुर्चीवरून उठत म्हणाले. “आज माझा तास आहे.”

ते वर्गात शिरले तशी पोरं खिडक्या सोडून जागेवर पळाली. मानसिंगराव मागोमाग दारापर्यंत आले. सगळ्या पोरांच्या देखत सरांना हाताला धरून बाहेर काढावं एवढा राग त्यांना आला होता, आणि तेवढी हिंमत मात्र होत नव्हती.

“आत येऊन बसायचं असेल तर बसा, मानसिंगराव,” सर खडू शोधत म्हणाले. “नसेल तर दार लावा. बाहेरचा आवाज येतो.”

मानसिंगराव क्षणभर घुटमळले. मग त्यांनी दार ओढून घेतलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. “सर, उद्या तुम्ही येणार ना?”

“येणार. फाटकात अडवलं, तर फाटकाबाहेर उभं राहून शिकवीन. माझा घसा धड आहे आणि तुमचे कानही. बस खाली. वह्या काढा.”